गिनी पिग दत्तक घ्यायचाय? आधी दोन महिने सांभाळायला घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, नऊ वर्षांची मुलगी, तिला गिनी पिग हवाय. दुकानातून विकत आणायचा नाही हे आईबाबांचं ठरलेलं, म्हणून त्यांनी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका गटाकडे विचारणा केली. गटाने तीन पानी फॉर्म पाठवला, घराचा व्हिडिओ मागितला, उन्हाळ्यात दुपारी घरात कोण असतं ते विचारलं, एकटा देणार नाही, जोडीच न्यावी लागेल असं सांगितलं आणि वर म्हणाले, ‘आधी फॉस्टर करून बघा.’ मुलीच्या आईने, म्हणजे ताईंनी, लिहिलंय, ‘लेकीच्या शाळाप्रवेशाला इतकी चौकशी झाली नव्हती. एवढ्याशा प्राण्याला एवढं कशाला? आणि फॉस्टर करावं की सरळ दत्तक घ्यावं?’

ताई, मी ठाण्यात गेली नऊ वर्षं गिनी पिग फॉस्टर करते. म्हणजे कुणीतरी सोडलेले, कुठेतरी सापडलेले प्राणी घरी आणायचे, बरे करायचे, कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचे आणि मग देऊन टाकायचे. तुमचा राग समजतो, पण फॉर्म पाठवणाऱ्यांच्या बाजूने मी शपथेवर साक्ष देईन. त्यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या परत आलेल्या प्राण्यामुळे तिथे आलेला असतो. तुम्हाला काहीही न विचारता, ‘या आणि घेऊन जा’ म्हणणारा गट भेटला असता तर मी म्हटलं असतं, दोन पावलं मागे या.

आधी हे प्राणी येतात कुठून ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. नेहमीची गोष्ट अशी: वाढदिवसाला दुकानातून ‘दोन बहिणी’ आणल्या जातात. त्यातली एक भाऊ निघते. कोवळ्या वयात नर-मादी ओळखायला सवय लागते आणि दुकानात ती असतेच असं नाही. मादी दोन महिन्यांच्या आसपास गाभण राहते (कधीकधी त्याच्याही आधी), ५९ ते ७२ दिवसांत विते, एका वेळी साधारण दोन ते चार पिल्लं. आणि ज्याने लोक हबकतात ते हे: व्यायल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करावीच लागतात, हे घरात कुणाला माहीत नसतं. डोंबिवलीच्या एका घरातून मी दोन कपड्यांच्या टोपल्या भरून एकोणीस आणले होते. सुरुवात अर्थातच दोन बहिणींपासून.

दुसरी गोष्ट बदलीची, तिसरी दहावीच्या वर्षाची, चौथी घरात बाळ येण्याची. पाचवी मला सगळ्यात जास्त छळते: ‘सोसायटीच्या बागेत सोडले, तिथे गवत आहे ना.’ माणसाने दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरांत हजारो वर्षांपूर्वी पाळीव केलेला हा प्राणी; पेरू देशात आजही स्वयंपाकघरातच वाढवतात, आणि खातात. उघड्यावर जगण्याचं त्याला काही उरलेलं नाही. कावळा, मांजर, पाऊस, एवढ्यात संपतो.

आता तुमच्या मुलीला द्यायची मादी अशा घरातून आली असेल तर गट ती लगेच का देत नाही ते बघा. नरासोबत राहिलेली प्रत्येक मादी गाभण आहे असंच धरून आम्ही चालतो आणि वेगळी केल्यापासून ७२ दिवस पूर्ण होईपर्यंत देत नाही. शिवाय वय. पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या आत झालेलं नसेल तर मादीच्या कमरेचं पुढचं हाड घट्ट जुळून येतं आणि मग प्रसूती अडते. मोठ्या वयाची पहिलटकरीण आली की मी रात्री मोबाईल उशाशी ठेवून झोपते. असला प्रसंग नऊ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला पहिल्याच महिन्यात यावा असं कुणाला वाटेल?

जोडीबद्दल. हा कळपातला प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून कायदाच आहे की गिनी पिग एकटा ठेवता येत नाही; जोडीतला एक गेला तर उरलेल्यासाठी सोबती भाड्याने देणारे लोकही तिथे आहेत. हसू येतं खरं, पण एकटा राहिलेला गिनी पिग ज्याने पाहिलाय तो हसत नाही. कोपऱ्यात बसतो, खाणं कमी करतो, ओरडत नाही. ‘आम्ही खूप वेळ देऊ’ हे मी शंभरदा ऐकलंय. तुम्ही ऑफिसला, ती शाळेत, मग क्लासला. रात्री तर झोपणारच. सशाची सोबत चालेल का असंही विचारतात. नाही. ससा मागच्या पायाने मारतो तेव्हा बरगडी मोडते, आणि सशाच्या नाकात निरुपद्रवी राहणारा एक जंतू गिनी पिगला न्यूमोनिया देतो. दोन माद्या, किंवा लहानपणापासून एकत्र असलेले दोन नर, किंवा नसबंदी केलेला नर आणि मादी, या जोड्या जमतात. नसबंदीनंतरही काही आठवडे नर पिल्लं देऊ शकतो, तेवढा काळ वेगळा ठेवायचा. जोडी जमवणं हे काम गटाने केलेलं असतं, तेच तुम्हाला फुकट मिळतंय. अनोळखी दोघांना एकदम एका पिंजऱ्यात टाकून दात कटकटणं, अंगावर धावून जाणं, रक्त, हे सगळं मी सुरुवातीच्या काळात स्वतःच्या अडाणीपणाने घडवलंय.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: फॉस्टर करा. दोन महिने. मुलीला आधीच स्पष्ट सांगा की हे पाहुणे आहेत. पाच ते आठ वर्षं जगणारा प्राणी आहे. ती आज नऊची, म्हणजे तो तिच्या बारावीपर्यंत असू शकतो. दोन महिन्यांत चार गोष्टी कळतात ज्या फॉर्म भरून कळत नाहीत. गवताची ॲलर्जी कुणाला आहे (प्राण्याची नसते कित्येकदा, गवताची असते), सकाळी पाच वाजता फ्रिजचं दार उघडल्यावर ‘वीऽक वीऽक’ असा गलका कोण सहन करतं, शनिवारी पिंजरा कोण धुतं, आजी खरंच ‘उंदीर’ म्हणणं थांबवते का. माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या आठवड्यात कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या काढून ठेवायला सुरुवात केली होती. नाव मात्र अजून घेत नाहीत.

फॉस्टर घेताना गटाशी चार गोष्टी तोंडी नाही, लिहून ठरवा. डॉक्टरचा आणि औषधाचा खर्च कोण देणार. शस्त्रक्रिया करायची की नाही हा निर्णय कुणाचा. तुम्ही दिवाळीत गावाला गेलात तर प्राणी कुठे जाणार. आणि तो तुमच्याकडे मेला तर काय. हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. विचारा. फॉस्टरकडे येणारे प्राणी बरेचदा आजारी किंवा म्हातारे असतात आणि काही जातात. त्याचं खापर कुणावर फुटणार नाही हे आधी बोललेलं बरं.

आता खरं काम. फॉस्टर म्हणजे लाडबिड नंतर, आधी वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर प्लास्टिकचं भांडं, रोज एकाच वेळी, वहीत नोंद. मोठ्या गिनी पिगचं वजन सातशे ग्रॅम ते बाराशे ग्रॅम असतं. हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवतो. डोळ्यांत चमक, अंगावर झळाळी, आणि आत काहीतरी सडतंय असं होऊ शकतं. वजन लपवता येत नाही. एका दिवशी वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतात, सोडून द्या. पन्नास उतरले तर लक्ष ठेवा. दहा टक्के उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि बारा तास काहीही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, कारण यांचं आतडं थांबलं की पुन्हा चालू करणं फार अवघड. पेलेट (यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) पाण्यात भिजवून, कुस्करून, सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं भरवायचं हे फॉस्टर घेण्याआधीच कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या. व्हिडिओ पाहून येत नाही, तो चावतो, लाळ गाळतो, तुम्ही रडता.

पहिले दोन-तीन आठवडे नवा प्राणी वेगळ्या खोलीत. घरात दुसरे असतील तर त्यांचं सगळं आधी उरकायचं, मग नव्याचं, मग हात धुवायचे. याचं कारण दोन पाहुणे सोबत येतात: खरजेचा किडा आणि नायटा. खरजेचा किडा इतका वाईट की खाजवता खाजवता प्राण्याला फिट आल्यासारखं होतं. डॉक्टरी औषधाने दोन-तीन मात्रांत जातो. नायटा माणसाला लागतो. माझ्या डाव्या मनगटावर दोन वर्षं पूर्ण वर्तुळ होतं, नातेवाइकांच्या लग्नात बांगड्यांखाली लपवून फिरले. मुलीला त्या काळात मांडीवर घेऊ देऊ नका. पुढेही उभ्याने उचलायचं नाही. जमिनीवर बसून, छातीशी धरून. कमरेच्या उंचीवरून पडला तर पाठीचा मणका जातो.

डॉक्टर आधी शोधा, प्राणी नंतर आणा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर गिनी पिगसाठी उत्तम असतीलच असं नाही. एका कुटुंबाने माझ्याकडून नेलेल्या तांबूस मादीला शिंका येत होत्या. जवळच्या दवाखान्यात अमॉक्सिसिलिनचं सिरप मिळालं. लहान मुलांना देतो तेच. पेनिसिलिनच्या जातीची ही औषधं तोंडाने दिली की यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि विषारी जंतू माजतात. तिसऱ्या दिवशी खाणं बंद, पाचव्या दिवशी गेली. त्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी गिनी पिग वर्षातून एखादा पाहिलेला. तेव्हापासून मी प्राण्यासोबत एक पुठ्ठ्याचं कार्ड देते: ‘पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन तोंडाने देऊ नये.’ कार्ड दाखवल्यावर रागावणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा जायचं नाही. ‘एक्झॉटिक’, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी, बघणारे कोण आहेत ते गटाला विचारा. मुंबईकडे असाल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बैलघोड्याचं हॉस्पिटल आहे, तिथून चौकशी सुरू करता येते.

खाण्याबद्दल लोक फार विचारतात आणि उत्तर फार सोपं आहे: गवत, गवत, गवत, आणि मग भाजी. यांचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि ते झिजतात गवत चावण्याने. बाहेरून येणारं टिमोथी नावाचं वाळलेलं गवत महाग पडतं. पण आपल्याकडे हरळी आहे! गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच, आणि ती यांना उत्तम चालते, ओली आणि वाळवलेलीही. फवारणी नसलेल्या जागची आणा, धुवा, पंख्याखाली पसरा. मंडपातल्या निर्माल्यातल्या दूर्वा मात्र नको, त्यात गुलाल आणि कुंकू असतं. एक भाविक काका मला दरवर्षी पिशवीभर आणून देतात आणि मी दरवर्षी नमस्कार करून झाडांना घालते. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, बाकीच्यांना त्यातल्या चुन्याने मूत्राशयात खडे होतात. पेंढ्यात कस नसतो, अंथरायला वापरा. कोवळी ज्वारी ढोरांनासुद्धा बाधते, इथे तर विषयच नको.

क जीवनसत्त्व यांच्या शरीरात तयार होत नाही, आपल्यासारखंच. नॉर्वेत १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी स्कर्व्हीचा अभ्यास गिनी पिगवरच केला, म्हणून तर ते लक्षात आलं. किलोमागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम लागतं. पाव ढोबळी मिरची रोज दिली की काम झालं. पाण्यात थेंब टाकायचे नाहीत, ते काही तासांत निकामी होतात आणि चव बिघडली म्हणून प्राणी पाणीच पीत नाही. कोथिंबीर रोज चालते. पालक क्वचित, गाजर चकतीभर, पेरू फोडीचं टोक. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, बिस्किट, दूध काही नाही. आजीला ‘पोळीचा एवढासा तुकडा’ यावरून समजवावं लागेल. मला दोन वर्षं लागली.

जागा किमान चार फूट बाय दोन फूट. दुकानात मिळणारे रंगीत पिंजरे उंदरालाही अपुरे. लोखंडी जाळ्यांचे चौकोन आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कडं करा, तळाला फ्लेक्सवाल्याकडून सनपॅकची (आतून पोकळ प्लास्टिकची) शीट घेऊन कडा दुमडा, त्यावर जुने टॉवेल. वखारीतला भुसा नको, धुळीने छाती भरते.

आणि आता तो उन्हाळ्याचा प्रश्न, ज्यावर तुम्ही चिडलात. या प्राण्याला अठरा ते चोवीस अंश मानवतात. तिशीच्या वर धाप लागते, त्याला घाम येत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये दुपारी किती होतं ते तुम्हीच सांगा. सगळे सकाळी बाहेर पडले, वीज गेली, संध्याकाळी परत आलात. मला असे फोन आलेत. म्हणून दुपारी घरात कुणी आहे का हे विचारतात. शहाबादी फरशीचा तुकडा, फडक्यात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली, खाली असलेली उत्तरेकडची खोली, एवढ्याने बऱ्याच गोष्टी होतात. कूलर पुण्यात, नागपुरात उपयोगी. आमच्या ठाण्याच्या दमटात नाही. ढोल-ताशाच्या दिवसांत आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री आतल्या खोलीत, लपायला दोन तोंडांची खोकी देऊन.

गट खरा की नाही हे कसं ओळखायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण नावापुढे ‘रेस्क्यू’ लावून पिल्लं विकणारे वाढलेत. ज्यांच्याकडे कायम गोंडस पिल्लंच असतात आणि म्हातारे, एक डोळ्याचे, टक्कल पडलेले कधीच नसतात, तिथे शंका घ्या. थोडं शुल्क घेणं गैर नाही, औषधपाणी असतं. पण लांब केसांच्याचे इतके आणि पांढऱ्याचे इतके असा दर असेल तर ते दुकानच. दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी तरी करावी लागते. या लोकांना तेवढंही नको असतं. खरा गट करारात लिहून घेतो की पैदास करायची नाही, परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि कधीही जमेनासं झालं तर त्यांनाच परत द्यायचा. परत घेण्याची ही ओळ नसेल तर सही करू नका.

देऊन टाकताना काय होतं तेही विचारलंय तुम्ही, ‘मुलगी रडेल ना?’ रडेल. मी पहिल्या जोडीच्या वेळी चेंबूर ते ठाणे रिकाम्या कॅरिअरकडे बघत रिक्षात रडले होते. तीन वेळा देऊ शकले नाही, ते माझ्याकडेच म्हातारे झाले. याला आमच्यात ‘फॉस्टर फेल’ म्हणतात आणि चिडवतात. दोन महिन्यांनी तुमचंही तसं होणार असेल तर गटाला आधी सांगा, बहुतेक वेळा सांभाळणाऱ्यांना पहिला हक्क देतात. नाही जमलं तर प्राण्यासोबत त्याचा वास लागलेला न धुतलेला टॉवेल, आठवडाभराचे त्याचेच पेलेट आणि वजनांची वही द्या. प्रवास पहाटे, गाडीत, पायाशी सावलीत, काकडीचे काप घालून. डिकीत नाही.

आता फॉर्म भरा. ‘दुपारी घरात कोण’ या रकान्यात खरं लिहा, कुणी नसेल तर नाही लिहा. त्याने नकार येत नाही सहसा. मार्चऐवजी जूनमध्ये जोडी पाठवतील, इतकंच. तोवर सनपॅक आणून ठेवा, आणि वजनकाटा.